आई गेल्यानंतरचा पहिला नाताळ, आणि घरात सगळ्यांना सण पाहिजे

पत्र असं आहे:

"मावशी, मी वेंगुर्ल्याजवळ एका गावात राहते, वय ३८. मे महिन्यात आई गेली. दोन वर्षं अंथरुणावर होती, सगळं मीच केलं, पप्पा तर आधीच गेलेले. दादा दुबईला असतो. तो २० डिसेंबरला वहिनी आणि मुलांना घेऊन येतोय. फोनवर म्हणाला, पोरं चार वर्षांनी गावचा नाताळ बघणार, सगळं पहिल्यासारखं कर, दारात कंदिलाचा तारा लाव, येशूच्या जन्माचा गोठा कर, नेवऱ्या, दोदोल असलं गोडधोड सगळं. आणि आलो की घराच्या वाटणीचं पण उरकून टाकू म्हणाला. मला काहीच करावंसं वाटत नाही. माळेवरची तेर्स (प्रार्थना) म्हणायला बसते तर नुसते तोंडाने शब्द येतात, आत काहीच नाही. चर्चमध्ये कोयरची प्रॅक्टिस सुरू झाली की मी उठून बाहेर येते. एका बाईने तोंडावर सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय. मध्यरात्रीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, नाही गेले तर पाप लागेल का? सगळे म्हणतात ख्रिस्तात शांती आहे, मग मला का मिळत नाही?"

बाय, आधी त्या बाईचं बोलणं डोक्यातनं काढून टाक, बाकीचं मग बोलू. विश्वास कमी पडतोय असं सांगणारी घरी जाऊन जेवून झोपते आणि ऐकणारी रात्रभर छपराकडे बघत बसते. तुला सांगते, मदर तेरेजा १९९७ मध्ये गेल्या, त्यानंतर दहा वर्षांनी त्यांची पत्रं छापून आली आणि तेव्हा जगाला कळलं की त्यांना स्वतःला प्रार्थनेत देव जवळ आहे असं जाणवतच नव्हतं, आणि हे वर्ष दोन वर्षं नाही, जवळजवळ पन्नास वर्षं. रोज पहाटे मिस्सा, रोज गुडघ्यावर, दिवसभर रस्त्यावरच्या माणसांची सेवा, आणि आत सगळं सुकं. हे सगळं माहीत असूनच चर्चने २०१६ मध्ये त्यांना संत म्हटलं. मग तुझ्या सात महिन्यांच्या कोरडेपणाला विश्वास कमी म्हणणारे आपण कोण गो?

आणि घरात बायबल असेल तर स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र काढून वाच. दुःखाची स्तोत्रं बरीच आहेत, पण बहुतेकांत शेवटी कुठेतरी उजाडतं, देवाची स्तुती येते, ह्या एकात नाही येत. हाक मारून सुरुवात आणि अंधारात शेवट, बस. कोणी ते बायबलमधनं काढून टाकलं नाही, उलट चर्चच्या रोजच्या प्रार्थनेत शुक्रवारी रात्री झोपायच्या आधी हेच स्तोत्र म्हणतात, जगभर. म्हणजे आत काही नाही, देव तोंड लपवून बसलाय, हे सुद्धा देवालाच सांगायचं असतं, आणि तेवढं सांगितलं तरी त्या दिवसाची प्रार्थना झाली. तू म्हणतेस नुसते तोंडाने शब्द येतात. येतायत ना, येऊ देत. आईच्या उशाशी बसून म्हटलेली तेर्स आणि रिकाम्या खाटेसमोर म्हटलेली तेर्स सारखी कशी लागेल? पाचही रहस्यं, म्हणजे माळेचे पाचही भाग, नाही जमत तर एक घे, दहा मणी. दहाही नको वाटले तर एक 'नमो मारिया' म्हण आणि माळ उशाखाली ठेवून झोप.

झोप म्हटल्यावर आठवलं. एलिया संदेष्ट्याची गोष्ट तुला माहीत असेल, तो रानात एका झुडपाखाली जाऊन बसला आणि म्हणाला देवा आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला काय दिलं? बोधबिध काही नाही. तो झोपला, दूताने उठवून गरम भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला, दूताने परत उठवून परत खायला दिलं. देवाशी बोलणं झालं ते त्यानंतर कितीतरी दिवसांनी, डोंगरावर. मला ही गोष्ट फार आवडते कारण आपल्याकडे उलटं करतात, रडणाऱ्या माणसाला आधी उपदेश आणि मग चहा. दोन वर्षं तू रात्री अपरात्री उठलीस, कूस बदललीस, भरवलंस, धुतलंस. अजून दुपारी औषधाची वेळ झाली की तुझा हात डब्याकडे जात असेल. ते अंग आधी दमलेलं आहे. तुला शांती का मिळत नाही ह्याचं अर्धं उत्तर मला वाटतं तिथेच आहे, पोटभर जेवण आणि सलग झोप, आणि ह्यात अध्यात्म नाही असं कोणी म्हणालं तर त्याला एलिया वाचायला सांग.

आता राहिलेलं अर्धं. ख्रिस्तात शांती आहे असं सगळे म्हणतात ते खरंच आहे, मी पण तेच म्हणते, पण ते वाक्य कुठल्या रात्री बोललं गेलं ते कोणी सांगत नाही. "मी आपली शांती तुम्हांला देतो, जसे जग देते तसे मी तुम्हांला देत नाही." योहानाच्या शुभवर्तमानात १४व्या अध्यायात आहे. येशू हे बोलला ते शेवटच्या जेवणाच्या वेळी. त्याला पकडून देणारा यहूदा नुकताच उठून बाहेर गेलेला, योहान तिथे मुद्दाम लिहितो की रात्र होती. दुसऱ्या दिवशी खुरीस, म्हणजे क्रूस. आणि हे बोलून झाल्यावर तो बागेत गेला आणि इतका व्याकूळ झाला की घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता असं लूक सांगतो. म्हणजे शांती देणारा स्वतः त्याच रात्री रडत होता, हा प्याला टळू दे म्हणत होता. मी कितीतरी वर्षं हे वाचलं पण मला ते कळलं मिस्टर गेल्यावर. मला वाटायचं शांती आली म्हणजे रडू थांबेल, छातीतला दगड जाईल, सणाला आनंद होईल. तसलं काही झालं नाही. झालं असं की एका संध्याकाळी चुलीपुढे बसून रडता रडता मला एकदम जाणवलं की मी एकटी रडत नाहीये. बस एवढंच, कोणी दिसलं नाही, आवाज आला नाही. दगड तिथेच होता पण तो उचलायला अजून कोणाचा तरी हात लागला होता. मला त्याच्यापेक्षा नीट सांगता येत नाही.

पण त्याच्या आधीचा नाताळ मी कसा केला ते तुला सांगायलाच पाहिजे, कारण तू आता तेच करायला निघाली आहेस. मिस्टर नोव्हेंबरात गेले, १४ वर्षं झाली. मी ठरवलं की पोरांसाठी सगळं करायचं, कोणाला कमी वाटायला नको. तारा लावला, पडदे धुतले, दोदोल तीन तास ढवळला, शंभर का किती नेवऱ्या करायला घेतल्या. २३ तारखेला रात्री अकरा वाजता पिठाचा गोळा, आत भरायचं चून, कातण सगळं समोर पसरलेलं आणि मला आठवलं की कातण फिरवायचं काम ह्यांचं असायचं, मी भरायची आणि ते कडा कापायचे. तिथेच जमिनीवर बसले ती पहाटेपर्यंत. मोठा मुलगा येऊन शेजारी बसला, बारा वर्षांचा होता, म्हणाला आई आम्हाला नकोच होत्या नेवऱ्या. पोरांसाठी म्हणून केलं आणि पोरांना ते नकोच होतं, त्यांना पण रडायचं होतं, पण आई सण करते म्हटल्यावर ती पण बिचारी गप्प.

आपल्या कोकणात ह्याची रीत आधीपासून आहे गो, आपणच विसरलो. ज्या घरात त्या वर्षी माणूस गेलं त्या घरात गोडधोड करत नाहीत, तारा नाही, वाजवणं नाही, शेजारीपाजारी ताट भरून आणून देतात. हिंदू घरात दिवाळीला तसंच, ज्यांच्याकडे दुःख आहे तिथे कढई चढत नाही, फराळ वाडीतनं येतो. ह्याला कोणी कमी विश्वास म्हणत नाही. ज्या कोणी ही रीत पाडली त्यांना माणसाचं मन कळत होतं, वर्षभर तुला कोणी सण मागणार नाही, आणि तुला सणाशिवाय पण कोणी ठेवणार नाही. तर दादाला सांगायचं की ह्या वर्षी कढई चढणार नाही. वाडीतनं जे येईल ते पोरं खातील, आणि तुझ्या वाडीतनं येणार म्हणजे येणार, तू बघ.

तो येईपर्यंत थांबू नकोस, फोनवर आत्ताच सांग, कारण माणूस बॅगा भरभरून सामान घेऊन दारात उभा राहिला की मग बोलवत नाही आणि वहिनीसमोर तर नाहीच. भांडायचं नाही. म्हणायचं, दादा, आई गेली ती माझ्या हातावर गेली, तू तिकडे होतास, तुझं रडणं अजून राहिलंय आणि माझं संपलं नाहीये, ह्या वर्षी आपण दोघं आईच्या कबरीवर मेणबत्ती लावू, मुलांना घेऊन मिस्सेला जाऊ, जेवण साधं करू. मला राहून राहून वाटतं की दादाला पण घरी यायची भीती वाटते आहे. चार वर्षांनी येणार आणि ती खाट रिकामी बघणार. पहिल्यासारखं कर म्हणतो तो, त्यात आई पण पहिल्यासारखी असती तर, हे आहे बहुतेक. चुकत असेन मी, तुझा दादा तुला माहीत. पण एकदा तसं समजून त्याच्याशी बोलून बघ.

वाटणीचं मात्र डिसेंबरात नाही म्हणजे नाही. इथे मी कडक बोलणार आहे. संत इग्नेशियस लोयोला, जेजुइट संघ काढला ते, आपल्या जुन्या गोव्याच्या फ्रान्सिस झेवियरचे मित्र, त्यांनी एक नियम सांगून ठेवलाय की मन अंधारात असताना आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही, नवीन काही ठरवायचं नाही, जिथे आहात तिथेच घट्ट राहा. सोळाव्या शतकातल्या माणसाने सांगितलं पण ते सातबाऱ्याला सुद्धा लागू पडतं. दादा म्हणेल मी परत कधी येणार, सुट्टी नाही, एका सहीचं तर काम. ती सही हक्कसोडपत्राची निघाली तर? कायदा सांगते, पप्पा आधी गेले आणि आईने मृत्युपत्र केलेलं नसेल तर १९२५च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती घरात मुलगा आणि मुलगी सारखे वाटेकरी, लग्न झालेलं असो नसो. पप्पांच्या नावावरचं असेल तरी तुम्हा दोघांत फरक नाही. तलाठ्याकडे वारस नोंद करायची असेल ती दोघांच्या नावाने होऊ दे, बाकी कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नकोस. आणि हे दादावर अविश्वास म्हणून नाही, त्याला पण तसंच सांग, ईस्टर नंतर बसू, दोघंही शुद्धीवर असू. भावंडांचं नातं आई गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षात तुटतं ते मी आपल्या गावात किती घरात बघितलंय, तुटतं ते जमिनीवरून आणि मुळात असतं ते रडणं.

मिस्सेचं विचारलंस. नाताळची मिस्सा ही आपल्याला चुकवायची नसते हे खरं, पण चर्चच सांगतं की आजारपण, लहान मूल, असलं गंभीर कारण असेल तर त्यात पाप नाही, आणि तुझं कारण गंभीर आहे की नाही हे वाडीतल्या बायकांनी ठरवायचं नाही, तू आणि तुझे फादर बोलून ठरवा. एकदा जाऊन बोल, कन्फेशनला म्हणून नको वाटत असेल तर नुसतं ऑफिसमध्ये जाऊन बस. पण मला वेगळंच सांगायचंय. मिस्सा म्हणजे मध्यरात्रीचीच असं कोणी सांगितलं? नाताळला चर्चमध्ये संध्याकाळची, रात्रीची, पहाटेची आणि दिवसाची अशा वेगवेगळ्या मिस्सा ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येकीचं वाचन वेगळं. रात्रीच्या मिस्सेला दूतांचं गाणं आणि उजेड आणि कोयर, तुला ते आत्ता सोसवत नाही तर नको जाऊस. २५ला सकाळची असेल ती विचारून घे. तेव्हा नवे कपडे, फोटो, सगळं आदल्या रात्री होऊन गेलेलं असतं, अर्धी बाकं रिकामी, म्हाताऱ्या बायका आणि एखादं पेंगणारं पोर. दिवसाच्या मिस्सेला योहानाची सुरुवात वाचतात, प्रकाश अंधारात चमकतो आणि अंधाराला तो विझवता आला नाही. अंधार नव्हता असं म्हणत नाहीत, बघ. मागच्या बाकावर बस, गाऊ नकोस, रडू आलं तर रड. आणि आत्ताच ऑफिसमध्ये जाऊन त्या मिस्सेला आईच्या नावाचं इंटेन्शन लिहून ये, फादर अल्टरवरून तिचं नाव घेतील, नाताळच्या दिवशी तुझ्या आईचं नाव चर्चमध्ये ऐकू येईल.

आणि २५ला सगळं संपतं असं पण नाही. २६ला चर्च संत स्टीफनचा दिवस पाळतं, दगड मारून ठार केलेला पहिला शहीद, काल पांढरा झगा घातलेले फादर आज लाल घालून येतात. २८ला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा दिवस, आणि त्या दिवशी मत्तयाचं जे वाचतात त्यात राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि ती सांत्वन करून घ्यायला तयार नाही असं आहे. नाताळच्या आठवड्यात, गोठा समोर मांडलेला असताना, चर्च मुद्दाम हे वाचतं. त्या राहेलला कोणी म्हणत नाही की पुरे झालं आता, सण आहे. मला कोयर सहन होत नाही म्हणून मी वाईट ख्रिश्चन असं तुला वाटत असेल ना, तर २८ला जा. तो दिवस तुझ्यासारखीचाच आहे.

एक गोष्ट मात्र नीट ऐक. झोप दोन दोन आठवडे येत नसेल, जेवण जात नसेल, सकाळी उठून आंघोळ करणं सुद्धा डोंगर वाटत असेल, किंवा आईच्या मागे आपण पण गेलो तर बरं असे विचार येत असतील तर ते नुसतं दुःख नाही, त्याला डॉक्टर लागतो, जसा आईला लागत होता. सरकारची टेलिमानस म्हणून हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. तेर्स आणि गोळी दोन्ही चालतं, मी दोन्ही घेतलंय, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता गोठ्याचं. दादाने सांगितलेल्या यादीतली ही एकच गोष्ट मी तुला कर म्हणेन, आणि ती पण दादाच्या पोरांबरोबर. संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांनी १२२३ मध्ये इटलीत ग्रेचो नावाच्या गावी नाताळच्या रात्री गवत आणलं, खराखुरा बैल आणि गाढव आणून उभं केलं, कारण त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं की ते बाळ कसल्या अडचणीत जन्मलं. नासरेथपासून शंभरावर किलोमीटर चालून आलेली, दिवस भरलेली बाई, उतरायला जागा नाही, आणि बाळ गुरांच्या गव्हाणीत. आपण त्याला लाइटी लावल्या, चमकीचा कागद लावला, ते पण छान दिसतं, पण मुळात तो अडचणीत सापडलेल्या घराचा देखावा आहे. तुझं घर ह्या वर्षी तसंच आहे, तेव्हा गोठा तुझ्या घरात शोभेल. लाइटी नको. चार चिरे, थोडा पेंढा, आईच्या ट्रंकेत जुन्या मूर्ती असतील त्या.

नाचणी तुमच्याकडे पेरतात ना गोठ्यासाठी? आमच्याकडे आई करवंटीत पेरायची. मूठभर नाचणी रात्री भिजत घालून १२-१३ तारखेला माती घातलेल्या करवंट्यांत टाक, पहिले दोन दिवस फडक्याखाली झाकून ठेव, मग पडवीत, रोज हाताने पाणी शिंपडायचं, तांब्याने ओतलंस तर दाणे वाहून जातात. पोरं २०ला येतील तेव्हा बोटभर हिरवं झालेलं असेल. शिंपडायचं काम मग त्यांना दे, आणि ते करता करता आजी कशी होती ते विचारतील, तेव्हा सांग.

जानेवारीत मला लिही, दादा काय म्हणाला ते.

तुझी
मावशी